खर्रा घोटेपर्यंत

गजू, तू गेलास त्या संध्याकाळी आपल्या चॅनलवर तू संत्रं सोलत होतास. दर बातमीपत्रानंतर तू यायचास. फुटाळा तलावाच्या पाळीवर बसलेला, इस्त्रीचा शर्ट घातलेला, केस पाण्यानं बसवलेले. म्हणायचास, "नागपूरचं मला काय आवडतं विचाराल, तर आपली गोड संत्री." मग एक फोड तोंडाजवळ न्यायचास आणि चित्र तिथंच थांबायचं. खाली काळ्या पट्टीवर तुझं नाव आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली'. ती पट्टी सरकते न सरकते तोच गुटखावाल्यांच्याच इलायचीची जाहिरात, त्यात तो कोट घातलेला माणूस दात दाखवत हसणारा. मी डेस्कवर बसून हे पुन्हा पुन्हा पाहत होते आणि मला टीव्ही उचलून खिडकीतून खाली टाकावासा वाटत होता.

ती फोड तुझ्या तोंडात गेलीच नव्हती. कट म्हटल्याबरोबर तू ती माझ्या हातावर ठेवलीस आणि म्हणालास, "तुम्ही खा मॅडम, मले आंबट झोंबते." तेव्हा मला वाटलं, नेहमीचीच थट्टा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण हे तुला लिहिते आहे तरी वाचतील दुसरेच. आपलं चॅनल छोटं, केबलवरचं, एका मजल्यावरचं. मी बातमीदार, गजू कॅमेरामन. गेल्या हिवाळ्यात वर्धापनदिनासाठी संपादकांनी टूम काढली की दरवेळी आपण लोकांना विचारतो, यंदा आपणच सांगू. टीममधल्या प्रत्येकानं कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि या शहरातलं आपलं सगळ्यात आवडतं काय ते सांगायचं. एकेका मिनिटात.

सगळ्यांचं तूच शूट केलंस. ऋतुजानं फुटाळ्याचा सूर्यास्त सांगितला, जो ती बातम्या वाचत असल्यामुळे रोज चुकवते. जाहिरात विभागाच्या मोहोड काकांनी मारबतीचा दिवस सांगितला, त्या दिवशी जे डोक्यात बसलंय त्याच्या नावानं भर रस्त्यात ओरडता येतं आणि कोणी वाईट वाटून घेत नाही म्हणून. संपादक शहराच्या एकोप्यावर बोलले, ते तू एकाच टेकमध्ये घेतलंस आणि मला डोळा मारलास. मी कूलर म्हटलं. एप्रिलमध्ये माळ्यावरून उतरवलेला कूलर, त्यात नवा वाळा भरलेला, पहिल्यांदा पाणी सोडल्यावर येणारा तो वास. तू कॅमेऱ्याच्या मागून म्हणालास, "मॅडम, शहराचं विचारलं, तुम्ही मशीनचं सांगून राहिल्या." सगळे हसले. मी पण.

मग तुझी पाळी आली आणि कॅमेरा माझ्या हातात. तुला समोर उभं करायची ती पहिलीच वेळ. "फोकस नाकावर ठेवा, शर्टावर नको," म्हणालास. हात कुठं ठेवायचे ते तुला कळत नव्हतं. इतकी वर्षं लोकांना 'हात मोकळे सोडा' सांगणारा तू, तुझे स्वतःचे हात आधी खिशात गेले, मग पाठीमागे. आणि मग तू बोललास. ते माझ्याकडे जसंच्या तसं आहे, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"मले नागपूरचं सगळ्यात जास्त आवडते तो खर्रा. हसू नका. मी खाची गोष्ट नाई करून राहिलो, घोटाची करून राहिलो. तुम्ही पानठेल्यावर जा, म्हणा, एक बनव गा. तो सुपारी टाकते, तंबाखू टाकते, चुना लावते, पन्नीत गुंडाळते अन् पाटावर घोटत बसते. त्याले वेळ लागते. मंधात कोणी मांगू शकत नाई. साहेब येवो का हमाल येवो, उभं राहा लागते. अन् माणूस उभा राहिला का बोलते. कोणाच्या पोरीचं जमलं, कोणाच्या बापाचं ऑपरेशन हाये, कोणाचं वावर रिंगरोडमंधी गेलं, सगळं त्या घोटण्यात समजते. मी दिवसभर कॅमेरा घेऊन लोकाइच्या मागं धावतो, पण लोकं मले दिसतात ते तिथं. खर्रा घोटेपर्यंत या शहरात कोणालेच कुठं जाचं नसते. बस. थेच आवडते मले."

बोलून झालं तेव्हा मोहोड काकांचा हात खिशातल्या पुडीकडे गेला होता. मग सगळे एकदम हसले, आणि संपादक हसता हसता म्हणाले, "वा गजू. पण हे काही चालणार नाही. बंदी आहे त्याच्यावर." तू म्हणालास, "साहेब, बंदी कागदावर हाये. मी ठेल्याचं सांगून राहिलो." ते म्हणाले, संत्र्याचं बोल, संत्र्याचं कोणी बोललंच नाही. कोणीतरी खाली जाऊन गाडीवरून संत्री आणली, आपण फुटाळ्यावर गेलो, आणि तू भाड्यानं आणलेल्या नवरदेवासारखा बसून जे सांगितलं ते म्हणालास. 'मला' सुद्धा म्हणालास. जन्मात कधी मला-तुला केलं नव्हतंस.

परत येताना तुझ्या गाडीवर आपलं जे भांडण सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. तुला वाटलं होतं मी तुझ्या बाजूनं बोलेन. मी म्हटलं, संपादकांचं कारण चुकीचं आहे, पण निर्णय बरोबर आहे. ही जाहिरात आहे, गजू. तू म्हणालास, "जाहिरात नाई, खरं हाये." मी म्हटलं, खरं आहे म्हणूनच जास्त वाईट. मी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात घातलेलं नाही, आणि तुझं ऐकून मला त्या ठेल्यावर जाऊन उभं राहावंसं वाटलं. सोळा वर्षांच्या पोरानं ऐकलं तर तो काय करेल? तू सिग्नलला गाडी थांबवलीस, मागं वळून म्हणालास, "मंग लोकाइनं खोटंच आवडतं सांगाचं का? तुम्ही बातम्या काहून करता मग?" सिग्नल सुटला, मागच्यांनी हॉर्न मारले, आणि तू उत्तर न ऐकताच निघालास.

उत्तर माझ्याजवळ आहे अजून. तेव्हाही होतं. मी आजही म्हणते की ती क्लिप तशीच, एकटी, लावायला नको होती. तू गेलास म्हणून मी माझं म्हणणं बदलणार नाही. तुला तसल्या लोकांची चीड होती, जे मेलेल्या माणसाला सगळंच बरोबर होतं म्हणतात. तरी मी ती पुसली नाही. कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करायच्या आधी माझ्या लॅपटॉपवर उतरवून ठेवली. का, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मग कळमन्याच्या बाजाराचं शूट आलं. मिरचीचे दिवस, यार्डात भिवापूरच्या मिरचीचे ढीग लागलेले. दरवर्षी तुझं ते आवडतं काम. ढिगावर उन्हाची तिरीप येईपर्यंत तू तासभर बसून राहायचास, आणि हमाल तुला नावानं हाक मारायचे. त्या दिवशी तू फाटकातून आत शिरलास आणि दहा पावलांवर थांबलास. तोंडावर रुमाल धरलास. मला वाटलं ठसका लागला, तिथं सगळ्यांनाच लागतो. पण तुझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते ठसक्याचं नव्हतं. वाऱ्यातली मिरची तुझ्या तोंडात जळत होती. माझी ओढणी मागितलीस, नाकातोंडाला गुंडाळलीस आणि शूट पूर्ण केलंस. चांगलं केलंस, नेहमीसारखं. नंतर आपण सावजीच्या खानावळीत गेलो, आणि तू, ज्याला तिथला झणझणीत रस्साही फिका लागायचा, तू दूध मागितलंस. त्यात पोळी कुस्करलीस आणि चमच्यानं कडेकडेनं स्वतःला भरवलीस. वाढणाऱ्यानं विचारलं, "भाऊ, तब्येत बरी नाई का?" तू म्हणालास उपास आहे.

मी म्हटलं, तोंड उघड. म्हणालास, "मी का घोडा हाये का मॅडम, दात पाहून विकत घेता?" मी हसले नाही. मी म्हटलं, उद्या दवाखान्यात जाऊ, मी येते सोबत. म्हणालास, "बायकोले नेत नाई, तुमाले काहून नेऊ?" मग म्हणालास मार्च होऊ दे. मार्चनंतर भाचीचं लग्न होऊ दे. लग्नात तू जेवला नाहीस, लोकांना वाढत राहिलास, म्हणजे कोणाला कळायला नको. वैशालीनं, तुझ्या बायकोनं, हे मला नंतर सांगितलं. मी रागावले होते तुझ्यावर आणि तुला ते दिसत होतं. तू माझ्याशी जास्तच गमतीनं बोलायचास, आणि बोलताना ओठ कमी उघडायचास.

हे लिहिताना मला एक दुसरं आठवतंय आणि ते इथं बसत नाही, तरी लिहिते. माझे बाबा गेले त्या दिवशी आपले सगळे आले होते. आत आले, हात जोडले, बसले, गेले. तू आत आलाच नाहीस. दिवसभर फाटकाशी उभा राहून येणाऱ्यांना गाडी कुठं लावायची ते सांगत होतास, कारण गल्ली अरुंद आणि शववाहिनी यायची होती. संध्याकाळी आई म्हणाली, तो फाटकावरचा कोण गं, त्याला कोणी चहा दिला का? दिला नव्हता. मी कधी त्याबद्दल तुझे आभार मानले नाहीत. मानले असते तर तू म्हणाला असतास, कॅमेरा नव्हता आणला, मग काय करणार होतो. आता मानते, गजू. खूप उशिरा, पण मनापासून मानते.

शेवटी तोंडाचा कॅन्सर निघाला, आणि ऑपरेशननंतर तू कोणाला भेटेनासा झालास. अर्धा जबडा काढला, जिभेचा तुकडा काढला. मी दोनदा आले. दोन्हीदा तू भिंतीकडे तोंड करून झोपलेला, किंवा झोपेचं सोंग घेतलेला. पलंगाच्या पायथ्याशी तुझी कॅमेऱ्याची बॅग होती. वैशालीनं तुला लिहायला पाटी आणली होती, ती कोरीच. तिनं बाहेर येऊन सांगितलं, "लिहाले सांगतलं तर डोळे वटारतात, ताई. म्हणतात, बोलतोच." आणि तू बोलायचास. आम्हाला ऐकू यायचे ते नुसते आवाज, ओले, फुटलेले. मी तुझ्या पाठीकडे पाहून शहरात काय चाललंय ते सांगत बसायचे आणि निघताना पायाला हात लावायचे. तू पाय ओढून घ्यायचास.

आणि मग एका दुपारी तुझा व्हॉइस मेसेज आला. मी प्रेसनोट टाइप करत होते. कानाला लावला. काहीच कळलं नाही. इअरफोन लावून ऐकला, एडिटला जाऊन मोठ्या स्पीकरवर ऐकला, गती कमी करून ऐकला. त्यानं तर तो आणखी भेसूर झाला, मी घाईनं बंद केला. शेवटी तुला लिहिलं, 'गजू, कळलं नाही रे. लिहून पाठव ना.' निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. सकाळी सगळ्या ग्रुपवर फुलांचे फोटो पाठवणारा तू, तुला चार अक्षरं लिहिता येत नव्हती? इतका हट्ट? आठवडाभरात जंतुसंसर्ग झाला आणि तू गेलास. मी घाटावर उभी होते आणि माझ्या पर्समधल्या फोनमध्ये तुझं ते न कळलेलं बोलणं होतं.

त्यानंतर चॅनलवर संत्रं सुरू झालं. दोन-तीन दिवसांनी वैशालीचा फोन आला. रडत नव्हती. म्हणाली, "ताई, तो संत्र्याचा बंद करा. पाहुणे येतात, टीव्ही लावतात, म्हणतात पाहा किती छान बोलून राहिले. ते माझे नाईत ताई. ते तसे बोलत नव्हते." मग म्हणाली, बंडू सांगत होता दुसरा एक आहे. बंडू म्हणजे तुझा ऑटोवाला मित्र, ठेल्यावरचा जोडीदार. त्याला तू सांगितलं होतंस वाटतं. "मले तो पायजे," म्हणाली.

मी तिला तेच सांगितलं जे तुला सांगितलं होतं. ती क्लिप लोकांना दाखवण्यासारखी नाही, ज्यानं तो गेला त्याचंच गुणगान आहे त्यात. ती म्हणाली, "लोकाइचं नंतर. मले त्याइचा आवाज पायजे. माझ्याजवळ नाई एकही." खरंच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज पकडत फिरलास आणि घरात तुझा चांगला आवाज कुठंच नाही. लग्नाच्या कॅसेटमध्येही तूच कॅमेरावाल्याला काहीतरी शिकवताना दिसतोस म्हणे, आणि वर सनई वाजते.

मी लॅपटॉप घेऊन तुमच्या घरी गेले. ती जमिनीवर बसली, मी पलंगाच्या कडेला. क्लिप संपेपर्यंत तिनं पापणी हलवली नाही. मग म्हणाली, "एवढा वेळ आमच्यापाशी कधी उभे नाई राहिले." एवढंच. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तो असता तर बरं वाटलं असतं. थोड्या वेळानं म्हणाली, "पुन्हा लावा." पुन्हा लावली. तिसऱ्यांदा ती स्वतःच लावायला शिकली.

मग मी तिला तो व्हॉइस मेसेज ऐकवला. ऐकवावा की नाही, मला समजत नव्हतं. म्हटलं, हा मला कळला नाही. तिनं एकदा ऐकला. एकदाच, गजू. जितके आठवडे आम्ही तुझ्या पाठीकडे पाहून बोलत होतो तितके आठवडे ती तुझं ते बोलणं ऐकत होती, तिला त्यातलं सगळं येत होतं. दूधवाल्याचा निरोप सांगावा तशी म्हणाली, "म्हणतात, पहिले तो खर्र्याचा लावा मॅडम. मंग हा. मंधात काही टाकू नका."

तुझी कामाची रीत मला सोडून कोणाला ठाऊक? आपल्या एडिटला तू कधी कागद दिला नाहीस. प्रत्येक शूटच्या सुरुवातीला माइकमध्ये तोंडानंच सांगायचास, पहिले गर्दी लाव, मग म्हातारी, मग गेट. एडिटवाले तेवढं ऐकून जोडायचे. मरणाच्या दारात बसून तू तेच केलं होतंस. तुझा आवाज कसा झालाय ते तूच रेकॉर्ड केलंस, ते कुठं लावायचं ते त्यातच सांगितलंस, आणि लिहिलं नाहीस कारण लिहिलं असतं तर तो आवाजच राहिला नसता. माझं म्हणणं तू मान्य केलं होतंस. तुझं म्हणणंही सोडलं नव्हतंस. सिग्नलवर अर्धवट सुटलेल्या भांडणाचं ते उत्तर होतं, आणि मी म्हटलं होतं, कळलं नाही रे.

तसंच जोडलं. मध्ये काही टाकलं नाही. दुसऱ्या भागाला चित्र नव्हतं, तिथं काळा पडदा राहू दिला. संपादकांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला, आणि म्हणाले, "नाही लावता येणार. जाहिराती कोणाच्या आहेत ते तुला माहीत आहे." मी भांडले. वाईट माणूस नाहीत ते, तुझ्या दवाखान्यासाठी त्यांनी काय काय केलं ते मला माहीत आहे. पण नाही म्हणजे नाहीच म्हणाले. संत्र्याचं मात्र त्याच दिवशी बंद केलं, न सांगता.

वैशालीला सांगितलं तेव्हा म्हणाली, "तुमच्या टीव्हीवर नाई तर माझ्या टीव्हीवर. तेरवीले लावू."

तुझ्या भावाला पटलं नाही. म्हणाला, तेरवीला असलं कोणी दाखवतं का, गोड जेवण आहे, लोक जेवायला येतात. वैशालीनं घरातला टीव्ही मांडवात आणून टेबलावर ठेवला आणि त्याला म्हणाली, "भाऊजी, स्पीकर तेवढा जोडून द्या." त्यानं जोडून दिला.

ठेल्यावरचे सगळे आले होते. धुतलेले शर्ट घालून, एका बाजूला गोळा होऊन बसलेले, बंडू त्यांच्यात. ठेलेवाला मुन्नाही आला होता. मी क्लिप लावली. तू दिसलास, हात खिशात, हात पाठीमागे. त्यांच्यात हसू पसरलं. तू बोलू लागलास तसे ते सरसावून बसले. "बरोबर बोलून राहिला गा," कोणीतरी म्हणालं. मुन्ना मान खाली घालून डोळे पुसत होता आणि हसतही होता, आपलं काम असं कोणी सांगितलं नव्हतं त्याला. मला तेव्हा वाटलं, मी बरोबर होते, हे एकटं लावलं असतं तर सगळे उठून सरळ ठेल्यावर गेले असते. 'थेच आवडते मले,' तू म्हणालास.

मग पडदा काळा झाला आणि तुझा दुसरा आवाज आला.

पुढे बसलेला एक जण लगबगीनं उठला, टेबलामागे गेला आणि स्पीकरची वायर हलवून पाहू लागला. त्याला वाटलं, बिघडला. वैशाली बाजूला उभी होती. म्हणाली, "वायर ठीक हाये भाऊ. तेच बोलून राहिले."

तो माणूस वायर हातात धरून तसाच उभा राहिला. मग तिनं सगळ्यांना सांगितलं तू काय म्हणतो आहेस ते. पंगत बसली, लोक जेवले, बुंदी दोनदा फिरली. मी निघाले तेव्हा कोपऱ्यावरचा ठेला उघडला होता. मुन्नाचा हात पाटावर चालत होता, चार-पाच जण उभे होते, मांडवातलेच. मला काय वाटलं होतं, सगळे हात जोडून खर्रा सोडून देतील? तसं काहीतरी वाटलं असावं, कारण मला तिथंच रस्त्यावर रडू आलं.

"मॅडम." मागून बंडू आला होता. तो ठेल्यावर गेला नव्हता. जमिनीकडे पाहत म्हणाला, "त्याले सुरुवातीले काय होत होतं?"

मी सांगितलं. तिखट झोंबायचं. मग तोंड कमी उघडायला लागलं. डॉक्टर म्हणतात, तीन बोटं उभी जायला हवीत तोंडात. बंडूनं इकडेतिकडे पाहिलं, भिंतीकडे वळला, माझ्याकडे पाठ केली. बराच वेळ तसाच उभा होता. वळला तेव्हा पँटीला बोटं पुसत होता.

"दोनच जातात," म्हणाला.

"कधीपासून?"

"पानीपुरी नाई जात, थे दिवाळीपासून. म्हटलं दात दुखून राहिला असन."

मी म्हटलं, उद्या सकाळी जाऊ. तो म्हणाला उद्या शाळेच्या पोरांची सवारी आहे. मी नुसतं "बंडू" म्हटलं. तो म्हणाला, "बरं." मग खिशातून अर्धी पुडी काढली, हातात धरून पाहिली, आणि पुन्हा खिशातच ठेवली. फेकली असं लिहायला मला आवडलं असतं.

उद्या सकाळी मी त्याच्या घरी जाणार आहे. तो येईल की मागच्या दारानं ऑटो घेऊन निघून जाईल, मला माहीत नाही. तू मला सोबत येऊ दिलं नाहीस याचा राग माझ्या मनातून जात नाही, गजू. तू नाहीस, तर आता तो कोणावर काढायचा हेही कळत नाही. बंडू आला नाही तर त्याच्यावर काढीन.